साडेदहाच्या गाडीला नऊच्या घरात नेताना: रोल केजची ट्यूब कशी ठरली

ड्रॅग रेसच्या गाडीत रोल केज करायचा, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला ट्यूबचा सांगाडा, तर त्याला क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील, ग्रेड ४१३०) घेऊ का माइल्ड स्टील (साधं, कमी कार्बनचं), हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की शेवटी एका गाडीचं सगळं प्रकरण सविस्तर लिहून काढायचं ठरवलं. लोकांना एका शब्दात उत्तर हवं असतं आणि ते देता येत नाही, कारण ट्यूब निवडताना नियम, वजन, वेल्डर आणि गाडीच्या आतली जागा हे चारही एकदम बघावं लागतं, आणि बहुतेक जण फक्त वजन बघून मोकळे होतात. म्हणून हे लांबलचक.

गाडी एका मित्राची. दोन दारांची युनिबॉडी कूपे (वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडीच सांगाडा), रिअर व्हील ड्राइव्ह, पुढे टर्बो इंजिन, ड्रायव्हरसकट वजन साधारण १५०० किलो. पाव मैलाला १०.६ सेकंद मारत होती, ट्रॅप स्पीड, म्हणजे पाव मैलाच्या शेवटी मोजलेला वेग, ताशी १३० मैलांच्या आसपास. आत आधीच्या मालकाने बसवलेला ४ पॉइंटचा रोल बार होता, म्हणजे ड्रायव्हरच्या मागे नुसती कमान आणि तिचे टेके. सीझन संपल्यावर याने मोठा टर्बो घेतला, फ्युएल सिस्टिम बदलली आणि टार्गेट ठेवलं ९.७. मग मला फोन, "दादा, केज करायचाय, क्रोमोलीचाच करूया ना, सगळे फास्टवाले तेच करतात." मी म्हटलं आधी गाडी घेऊन ये, बघू.

नियम आधी सांगतो कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आम्ही एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचं रूलबुक धरून चाललो, गाडी त्याच नियमांवर तपासली जाते म्हणून. त्यात फायरवॉल आणि फ्लोअर ओरिजिनल असलेल्या बंद बॉडीच्या गाडीला १०.०० ते १०.९९ मध्ये रोल बारवर भागतं, पण ९.९९ किंवा त्याहून फास्ट, किंवा १३५ मैलांच्या वर ट्रॅप स्पीड, यातलं काहीही एक झालं की पूर्ण केज लागतो आणि चॅसी सर्टिफिकेशनही (केज तपासून मिळणारं प्रमाणपत्र) लागतं, जे ७.५० पर्यंतच्या गाड्यांना दर ३ वर्षांनी रिन्यू करायचं. हे "किंवा" लोक विसरतात हं. मोठा टर्बो लावलेली गाडी कधीकधी स्टार्टला चाकं फिरवत बसते, ईटी (पाव मैलाचा वेळ) १०.१ येतो आणि ट्रॅप स्पीड १३८, म्हणजे सेकंदात बसली तरी स्पीडमध्ये अडकली. याच्या गाडीचं तेच होणार होतं.

केजच्या मुख्य ट्यूबसाठी मापं अशी: बाहेरचा व्यास १ ५/८ इंच म्हणजे ४१.३ मिमी, आणि वॉल, म्हणजे ट्यूबच्या पत्र्याची जाडी, माइल्ड स्टीलची असेल तर किमान ०.११८ इंच म्हणजे ३ मिमी, ४१३० क्रोमोली असेल तर किमान ०.०८३ इंच म्हणजे २.१ मिमी. वेल्डिंगचं वेगळं: माइल्ड स्टीलला मिग (गनमधून तार आपोआप येते) किंवा टिग (टॉर्च एका हातात, फिलरची तार दुसऱ्या हाताने द्यायची) दोन्ही चालतं, क्रोमोलीला फक्त टिग. आणि वेल्ड ग्राइंड करून गुळगुळीत करायचा नाही, दोन्हीत. या "फक्त टिग" वर पुढे खूप काही अवलंबून राहिलं.

आता पर्याय काय काय होते ते.

पहिला म्हणजे आहे तो रोल बार ठेवून त्याच्या पुढे केज वाढवायचा. कल्पना वाईट नव्हती, मेन हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान, १ ३/४ इंचाचा होता म्हणजे व्यासाला अडचण नाही. पण अल्ट्रासोनिक मीटर लावून बघितलं तर सरळ भागात ३.० आणि वरच्या बेंडच्या बाहेरच्या बाजूला २.७ मिमी. बसवणाऱ्याने नॉमिनल ०.१२० ची ट्यूब घेतली होती, ती मुळात ३.०५ मिमी, आणि वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि पातळ होते. इथे कुणाला दोष द्यायचा नाही, ०.१२० वापरणारे खूप आहेत आणि ते पासही होतात. पण इन्स्पेक्टर मीटर कुठे टेकवेल हे आपल्या हातात नसतं, आणि माझ्या मते जी ट्यूब डोक्याच्या वर आहे ती किमान जाडीच्या काठावर ठेवूच नये. शिवाय त्या बारचे पाय नुसते बोल्ट केलेले होते आणि हूप ड्रायव्हरच्या हेल्मेटच्या वर जेमतेम होता, नियम ३ इंच वर मागतो. काढून टाकला.

दुसरा पर्याय त्याच्या ओळखीतून आला, रॅली कारसाठी बनवलेला तयार वेल्ड-इन किट, वापरलेला नाही, त्याच बॉडीसाठीचा. ट्यूब ४५ बाय २.५ मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे मध्ये आर्टिकल २५३ आहे, त्यात मेन हूपला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २.० चालतं, बाकीच्या ट्यूबना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.०, आणि स्टीलची टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) किमान ३५० मेगापास्कल. म्हणजे किट अगदी व्यवस्थित, जगभर रॅलीत त्यावर लोकांचे जीव वाचलेत. पण ड्रॅगच्या टेबलवर ठेवला की माइल्ड स्टील म्हणून ३ मिमी पाहिजे आणि हा २.५, आणि २.१ ची सूट फक्त ४१३० ला, हा ४१३० नाही. दोन्हीकडून नापास. मित्राला हे पटायला वेळ लागला, "एवढा महागडा सर्टिफाइड केज आणि आपल्याकडे चालत नाही?" नाही चालत, कारण त्या रूलबुकची बाकी सगळी रचना वेगळी आहे, तिकडे गाडी झाडावर आपटण्याचा हिशोब आहे, किती बार कुठे लागतील ते वेगळं. एका रूलबुकमधली जाडी आणि दुसऱ्यामधलं ड्रॉइंग असं मिक्स करायचं नाही.

मग राहिले तीन: ईआरडब्ल्यू, डीओएम आणि ४१३०.

ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल वळवून शिवण वेल्ड केलेली ट्यूब. स्वस्त, मऊ, वाकायला छान, वेल्डिंगला सगळ्यात दयाळू. यील्ड, म्हणजे स्टील कायमचं वाकायला लागतं तो ताण, साधारण ३५ ते ४० केएसआय (हजार पौंड प्रति चौरस इंच). डीओएम हीच ट्यूब पुढे मँड्रेलवर, म्हणजे आत घातलेल्या दांड्यावर, ओढून बनवतात, म्हणून डीओएमला सीमलेस म्हणणं चूक आहे, शिवण होती फक्त ओढताना जवळपास नाहीशी झाली. त्या ओढण्याने वॉल एकसारखी होते आणि स्टील कोल्ड वर्क होऊन (थंडपणी ओढल्याने कडक होऊन) यील्ड ७० केएसआयपर्यंत जातं. आणि ४१३० ची नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेली) ट्यूब ७५ केएसआय. बघा, ७० आणि ७५. इथे बहुतेक लोक थबकतात कारण त्यांच्या डोक्यात क्रोमोली म्हणजे दुप्पट ताकद असं काहीतरी असतं.

मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. एक ट्यूब वाकायला लागेपर्यंत किती मोमेंट (वाकवणारा जोर) सहन करते हे यील्ड आणि सेक्शन, म्हणजे ट्यूबच्या छेदाचं माप, दोन्हीवर ठरतं. १ ५/८ इंचाची ०.१२० वॉलची डीओएम धरली तर साधारण १३.९ हजार पौंड-इंच. त्याच व्यासाची ०.०८३ ची ४१३० धरली तर ११.१ हजार. म्हणजे नियमाने परवानगी दिलेली क्रोमोली ट्यूब एकेकटी बघितली तर डीओएमपेक्षा कमी मोमेंटला वाकते. ईआरडब्ल्यू ०.१३४ ची, ४० केएसआय धरून, ८.७ हजारच्या आसपास. तो माझ्याकडे बघतच राहिला.

आणि कडकपणाचं तर अजून सरळ आहे. सगळ्या स्टीलचा यंग्स मॉड्युलस जवळपास सारखाच, २०५ गिगापास्कलच्या आसपास, मग ते साधं असो की क्रोमोली. गाडी लॉन्चला, म्हणजे सुटताना, किती पिळते हे ट्यूबच्या व्यासावर, वॉलवर आणि सगळ्यात जास्त त्रिकोण कुठे केलेत त्यावर ठरतं. ०.०८३ ची ट्यूब ०.१२० पेक्षा २६ टक्के कमी कडक आणि २९ टक्के हलकी. म्हणून "क्रोमोलीने चॅसी स्टिफ होते" असं कुणी म्हटलं तर समजायचं की त्या केजचं डिझाइन चांगलं होतं, धातूचं त्यात काही नाही.

पण एवढ्यावर डीओएम जिंकली असं लगेच म्हणू नका, कारण वेल्डच्या शेजारी गणित बदलतं. डीओएमची ताकद कोल्ड वर्कमधून आलेली असते, वेल्डची उष्णता लागली की त्या पट्ट्यात ती उतरते आणि ट्यूब तिथे परत मऊ होते. ४१३० मध्ये उलटं, कार्बन ०.२८ ते ०.३३ टक्के, वर क्रोमियम टक्काभर आणि थोडं मॉलिब्डेनम, त्यामुळे वेल्डच्या शेजारची पट्टी पटकन थंड झाली की हवेतच कडक होते. ती ताकद टिकवते पण हलगर्जी केली तर ठिसूळ होते. केजचे सगळे जोड नेमके तिथेच असतात जिथे जास्त भार येतो, म्हणून हा पट्टा कागदावरच्या यील्डपेक्षा महत्त्वाचा. क्रोमोली काचेसारखी फुटते ही जी गोष्ट सांगतात ना, ती बहुतेक वेळा वेल्डवर ओला फडका मारून थंड केल्याची, घाणेरड्या ट्यूबवर वेल्ड केल्याची किंवा नंतर हौसेने क्रोम प्लेटिंग करून हायड्रोजन आत शिरल्याची असते. नीट केलेली क्रोमोली अशी फुटत नाही, विमानांचे सांगाडे त्याच्याच ट्यूबचे होत आलेत.

वजन. हाच त्याचा मुख्य मुद्दा होता म्हणून नीट मोजलं. ड्रॉइंगप्रमाणे सगळा केज साधारण २८ मीटर ट्यूब. सोयीसाठी सगळी एकाच व्यासाची धरली. ०.०८३ ची ट्यूब मीटरला २.०४ किलो, म्हणजे ५७ किलो. ०.१२० ची मीटरला २.८८, म्हणजे ८० च्या वर थोडं. ०.१३४ ची ३.१८, म्हणजे ८९. तर क्रोमोली आणि माइल्ड स्टील यात २३ ते ३२ किलोचा फरक. पाव मैलाला १०० पौंडाला दशांश सेकंद असा सगळ्यांचा अंदाज असतो, त्या हिशोबाने साधारण ०.०६ सेकंद. ९.७ च्या गाडीला हे काही फार नाही, टायर प्रेशर चुकलं की यापेक्षा जास्त जातं. पण पूर्ण खरं सांगायचं तर केजचं थोडं वजन उंचावर असतं, छताच्या कडेला, त्यामुळे नुसते किलो मोजून भागत नाही, आणि जो माणूस क्लासच्या मिनिमम वेटच्या खाली बसून पुढे बॅलास्ट (मुद्दाम टाकलेलं वजन) हलवायला बघतोय त्याच्यासाठी हेच २५ किलो सोनं आहे. आपल्या गाडीला मिनिमम वेट नव्हतंच.

इथपर्यंत सगळं कागदावर झालं. खरा निर्णय वेल्डिंगने केला.

वेल्ड त्याचा चुलतभाऊ करणार होता. हात अतिशय चांगला, स्टेनलेसचे टर्बो मॅनिफोल्ड टिगने इतके सुंदर करतो की लोक फोटो काढतात. मिगवर तर वर्षानुवर्षं काम. मी म्हटलं ठीक आहे, पण मॅनिफोल्ड टेबलवर होतो, हवा तसा फिरवता येतो, केज गाडीत होतो. म्हणून कूपन, म्हणजे चाचणीचे तुकडे, करून बघू. ०.०८३ च्या ४१३० चे तुकडे आणले, टोकाला माशाच्या तोंडासारखा नॉच मारला, टी जॉइंट बसवला. फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, ईआर७०एस-२, ४१३० ला हाच बरा, ४१३० चाच फिलर घेतला तर नंतर हीट ट्रीटमेंट लागते आणि केजला ती कोण देणार.

पहिला जोड त्याने टेबलवर केला. अप्रतिम. कापून बघितला, मुळापर्यंत पेनिट्रेशन, कडेला जराही खाच नाही. मग मी सांगितलं की आता गाडीत बस, सीट नाही, फ्लोअरवर आडवा हो आणि ए-पिलर बार (विंडशील्डच्या बाजूने खाली जाणारी ट्यूब) आणि हॅलो (छताच्या कडेने फिरणारी ट्यूब) यांचा जो जोड येणार आहे, विंडशील्डच्या कोपऱ्यात वर, तिथे तोच तुकडा क्लॅम्प करून वेल्ड कर. टिगला एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर, पायाखाली पेडल. आडवा पडलेल्या माणसाचा पाय पेडलवर नीट पडत नाही, टॉर्चचा मागचा भाग छताला लागतो, टंगस्टनचं टोक दिसायला मान वाकडी करावी लागते. त्याने टॉर्चवरचा थंब स्विच आणि छोटी कॅप लावून केलं. खालचा अर्धा भाग चांगला, छताकडच्या भागात वेल्डच्या कडेला सलग अंडरकट, म्हणजे ट्यूबमध्ये पडलेली खाच, नखाला जाणवेल इतका. २.१ मिमीच्या वॉलमध्ये अर्धा मिमी खाच म्हणजे जवळपास पावभाग वॉल गेली, तेही बरोबर त्या कडक झालेल्या पट्ट्याच्या शेजारी. ३.४ मिमीच्या वॉलवर तेवढीच खाच आली तर ती वाईटच, पण उरलेली वॉल तरी जाड असते.

मग तोच जोड ०.१२० च्या डीओएमवर मिगने, तिथेच आडवा पडून. एका हाताने गन धरायची, दुसरा हात टेकायला मोकळा. वेल्ड दिसायला टिगएवढा देखणा नाही, पण कापून बघितलं तर पूर्ण वितळून बसलेला, अंडरकट नाही. तो स्वतःच म्हणाला, "दादा, हा माझा हात आहे, तो दुसरा नाही, अजून तरी." मला त्याचं हे फार आवडलं. स्वतःच्या हाताबद्दल इतकं सरळ बोलणारा वेल्डर मिळणं कठीण.

त्यावर मित्राने विचारलं की छताजवळचे जोड बाहेर काढून करता येणार नाहीत का. अंशतः येतात. युनिबॉडीत करतात ती पद्धत म्हणजे मेन हूपच्या आणि पुढच्या पायांखाली फ्लोअरला भोकं पाडायची, नुसत्या ठिपक्यांनी टॅक केलेला केज त्या भोकांतून खाली सोडायचा, मग छत आणि ट्यूब यांच्यात हात जाईल एवढी जागा होते, वरचे जोड पूर्ण ३६० अंश वेल्ड करायचे, परत वर उचलायचा आणि भोकांवर प्लेट टाकून पाय बसवायचे. आम्ही हे केलंच शेवटी, माइल्ड स्टीलसाठीही. कारण वरून न दिसणारा अर्धा वेल्ड सोडून देणं हे मी बघू शकत नाही, कितीतरी केज असे आहेत की ज्यात हॅलोच्या वरच्या बाजूला वेल्डच नाही, आरशात बघितलं की कळतं. पण एवढं करूनही विंडशील्डच्या कोपऱ्यातले दोन जोड आणि डॅशच्या मागचे सगळे जोड जागेवरच करावे लागणार होते. तिथे क्रोमोली म्हणजे टिग आणि टिग म्हणजे तोच अंडरकट.

अजून एक अडचण होती, ती कमी बोलली जाते. ४१३० म्हणून जी ट्यूब मिळत होती तिचा मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा धातूचा दाखला) विक्रेत्याकडे नव्हता आणि ट्यूबवरच्या छापाचा हीट नंबर (स्टीलचा बॅच नंबर) कुठल्याच कागदाशी जुळेना. दिसायला ४१३० आणि डीओएम सारख्याच. ठिणग्या बघून ओळखतो म्हणणारे असतात, मी त्यावर कुणाचा जीव टांगणार नाही. समजा ती साधी ट्यूब निघाली आणि आपण २.१ मिमीचा केज उभा केला, तर हातात ना जाडी राहिली ना धातू. माइल्ड स्टीलमध्ये ही भीती खूप कमी, कारण जाडी स्वतः मीटरने मोजता येते आणि धातू थोडा मऊ निघाला तरी सेक्शन मोठा असतो.

मधे स्वीडनच्या एसएसएबी या स्टील कंपनीची डोकोल आर८ ट्यूब पण चर्चेत आली. टेन्साइल ८०० मेगापास्कलच्या घरात आणि वेल्डच्या शेजारी ४१३० इतकी कडक होत नाही, त्यामुळे वेल्डरला सोपी. चांगली ट्यूब आहे, पुढे कधीतरी नक्की करायची आहे. पण याच्या सर्टिफिकेशनला काय चालेल ते लेखी हातात नसताना मी तिकडे गेलो नाही. आणि ॲल्युमिनियम, स्टेनलेस, पाण्याचा पाइप यावर शब्दही खर्च करत नाही, कुणी सुचवलं तर त्याच्याकडून केज करून घेऊ नका.

तर ठरलं डीओएम, पण सरसकट एका वॉलची नाही. सरळ ट्यूब, म्हणजे डोअर बार, मागचे ब्रेस, डायगोनल, हार्नेस बार या ०.१२० च्या. वाकवायच्या ट्यूब, म्हणजे मेन हूप, हॅलो, ए-पिलर बार, या ०.१३४ च्या. कारण बेंडचं गणित: डाय ६ इंच सेंटरलाइन रेडियसचा, म्हणजे १५२ मिमी. बाहेरची कड सेंटरलाइनपासून २०.६ मिमी लांब. ती कड साडेतेरा टक्के लांबते, आणि सगळी लांबी वॉलमधून आली असं धरलं तर ३.४० मिमीची वॉल २.९९ वर येते. अगदी ३ च्या काठावर. ०.१२० घेतली असती तर २.७ च्या खाली, म्हणजे जुन्या रोल बारला जे दिसलं तेच. हा कागदावरचा हिशोब आहे, बेंडरवर डाय आणि मँड्रेल कसा आहे त्यावर थोडं मागेपुढे होतं. आम्ही पहिला बेंड एका तुकड्यावर करून मोजला, ३.१ आला, मग पुढे गेलो. ट्यूब जराही चपटी होत असेल किंवा आतल्या बाजूला सुरकुती येत असेल तर तो तुकडा सरळ फेकायचा.

११ मीटर ०.१३४ आणि १७ मीटर ०.१२० मिळून ८४ किलो. क्रोमोलीपेक्षा २७ किलो जास्त. हे वजन त्याने दुसरीकडून काढलं: मागची सीट, तिचे ब्रॅकेट, साउंड डेडनिंग, पुढचा अँटीरोल बार. बॅटरी पुढून उचलून मागे टाकली, त्याने वजन कमी नाही झालं पण मागच्या चाकांवर गेलं, लॉन्चला ते जास्त उपयोगी.

पायांबद्दल थोडं, कारण ट्यूबवर एवढी चर्चा करून लोक पाय पत्र्यावर चिकटवतात. युनिबॉडीत केज पत्र्यावर उभा असतो आणि पत्रा मिलीमीटरभर जाडीचा. मेन हूपचे पाय आम्ही रॉकर सिलच्या, म्हणजे दाराखालच्या, पेटीवर घेतले, ०.१२५ इंचाची प्लेट पूर्ण फिरवून वेल्ड करून. नियमात दुसरा मार्ग ६ बाय ६ इंचाच्या दोन प्लेट फ्लोअरच्या वर आणि खाली, ३/८ चे किमान चार बोल्ट. तोही चालतो. सिल मला जास्त भरवशाचा वाटतो. ट्यूब कितीही भारी असली तरी पाय फ्लोअर फाडून खाली गेला की सगळं संपलं.

डोअर बार ड्रायव्हरच्या खांदा आणि कोपराच्या मधून गेला पाहिजे, हे सीट आणि ड्रायव्हर आत बसवूनच ठरवलं. मित्र उंच आहे, हेल्मेट घालून बसला आणि मग मेन हूप बेंड केला, हूप डोक्यापासून ६ इंचांच्या आत आणि हेल्मेटच्या ३ इंच वर. हेल्मेट लागू शकेल तिथे सगळीकडे एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षा सामानाची मानकं ठरवणारी संस्था) ४५.१ चं पॅडिंग. आणि इथे मी त्याला एक गोष्ट ठामपणे सांगितली, त्याला ती आवडली नाही. ही गाडी तो रस्त्यावरही फिरवायचा. हेल्मेटशिवाय आणि साध्या बेल्टवर डोक्याशेजारी स्टीलची ट्यूब असणं हे केज नसण्यापेक्षा धोक्याचं आहे, साध्या धडकेतही डोकं थेट तिच्यावर जातं, आणि ते पॅडिंग हेल्मेट धरून बनवलेलं असतं, उघड्या कवटीसाठी नाही. केज झाल्यापासून गाडी ट्रेलरवरच जाते. त्याने ऐकलं, बरं वाटलं.

इन्स्पेक्शनच्या दिवशी इन्स्पेक्टरने मीटर मेन हूपच्या बेंडवर टेकवला, अगदी तिथेच, ३.१. मग डोअर बारवर, ३.०. आरसा घालून हॅलोच्या वरचे वेल्ड बघितले, एका ब्रेसच्या जोडावर जास्त वेळ घालवला, कारण तिथे वेल्ड दोन टप्प्यात झाला होता आणि सुरुवात-शेवट दिसत होता. पास. स्टिकर लागला. पहिल्या मीटला गाडी ९.७९ ला १३९ मैलांनी गेली. दार लॉन्चनंतर आधी अडकायचं, आता सहज उघडतं, ते मागच्या ब्रेसमुळे आणि सिलच्या पायांमुळे.

आता त्याला ८.५० च्या आत जायचंय. तिथे विषय परत पहिल्यापासून सुरू होतो, कारण ८.५० पर्यंत हा केज चालेल पण त्याच्या आत एसएफआयचा वेगळा स्पेक, वेगळं ड्रॉइंग, जास्त बार, आणि जास्त बार म्हणजे मीटरला पाऊण-एक किलोचा फरक खरोखर अंगावर येतो. तेव्हा मी स्वतःच क्रोमोली म्हणेन. चुलतभावाने जुन्या बॉडीचा विंडशील्डचा कोपरा कापून स्टँडवर बसवलाय आणि त्याच्याखाली आडवा पडून ०.०८३ च्या तुकड्यांवर टिग करतोय, ते तुकडे या वेळी मिल सर्टिफिकेटसकट आलेत. त्याचे छताकडचे जोड कापून दाखवण्यासारखे झाले की मग नवीन ट्यूबची ऑर्डर, तोपर्यंत हीच गाडी हाच केज.